‘मला काहीच होत नाही’ हे पुरेसं नाही

लक्षणं नसलेल्या माणसांच्या चाचण्या करणं हा करोनाकाळातला शुद्ध वेडेपणा होता, हे मत आता इतकं रुळलं आहे की ते मांडताना कुणाला पुरावा द्यावासा वाटत नाही. लग्नाच्या पंगतीत, गाडीच्या डब्यात, निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींत, अगदी डॉक्टरांच्या गप्पांतही ते सहज येतं आणि ऐकणारे माना डोलावतात. धडधाकट माणसांच्या नाकात काड्या घातल्या, लॅबवाल्यांचं उखळ पांढरं झालं, आकडे फुगले, लोक घाबरले आणि शेवटी हाती काय लागलं, असा एकूण सूर. मला या मताचा राग येतो. ते चुकीचं आहे हे तर झालंच. पण पुढची साथ येईल आणि पहिल्या आठवड्यात निर्णय घ्यायची वेळ येईल, तेव्हा हेच मत बैठकीच्या टेबलावर असेल. त्याची किंमत मात्र ते मांडणाऱ्यांना मोजावी लागणार नाही.

या मताची सर्वांत भक्कम मांडणी अशी : आजारी नसलेला माणूस खोकत नाही, शिंकत नाही, त्यामुळे तो रोग फारसा पसरवत नाही. अँटिजेन चाचणी बरेच बाधित सोडून देते, तर आरटी-पीसीआर बऱ्या झालेल्या माणसालाही आठवडेच्या आठवडे बाधित दाखवते. अहवाल निगेटिव्ह आला की माणूस मास्क खिशात घालून मोकाट फिरतो. आपल्यासारख्या देशाने प्रत्येक किट खऱ्या रुग्णासाठी राखून ठेवायला हवं. आणि सगळ्यात शेवटी हुकमाचं पान : समाजातल्या लक्षणं नसलेल्यांची चाचणी करण्याची गरज नाही, असं खुद्द आयसीएमआरनेच १० जानेवारी २०२२ रोजी सांगितलं. यातल्या बहुतेक विधानांत थोडंफार तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. पण त्यांची बेरीज करून जो निष्कर्ष काढला जातो, तो त्यांतून निघत नाही.

ज्याला काही होत नाही तो पसरवतही नाही, हे खरं आहे का? एप्रिल २०२० मध्ये मुंबईत आझाद मैदानावर महापालिकेने पत्रकारांसाठी तपासणी शिबिर घेतलं. वार्ताहर, छायाचित्रकार, कॅमेरामन अशी रोज कामावर जाणारी माणसं तिथे आली. सुमारे १७० जणांचे नमुने घेतले गेले. त्यांतले ५३ जण बाधित निघाले आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीही त्रास होत नव्हता. तिघांत जवळपास एक! ही माणसं रुग्णालयांच्या दारांत, वस्त्यांमध्ये, नाकाबंदीवर उभी राहून बातम्या देत होती आणि रात्री आपापल्या घरी जात होती. शिबिर झालं नसतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा बाहेर पडली असती. त्यांना अडवणारं लक्षण कुठलं होतं?

त्याच सुमाराला अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीमधल्या एका शुश्रूषागृहात काय घडलं ते वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. तिथल्या वृद्ध रहिवाशांची सरसकट चाचणी केली, तेव्हा ४८ जण बाधित निघाले. चाचणीच्या दिवशी त्यांतल्या २७ जणांना एकही लक्षण नव्हतं. पुढे त्या २७ पैकी २४ जणांना ताप-खोकला सुरू झाला. म्हणजे ‘लक्षणं नसलेला’ ही माणसांची वेगळी जात नाही. आज ज्याला लक्षण नाही, तोच चार दिवसांनी रुग्ण असतो आणि मधल्या त्या चार दिवसांतच तो सगळ्यांमध्ये मिसळत असतो. त्या शुश्रूषागृहात बाधित झालेल्या ५७ रहिवाशांपैकी १५ जण एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यापर्यंत दगावले होते. हाँगकाँग आणि ग्वांगझूच्या संशोधकांनी त्याच एप्रिलमध्ये अंदाज मांडला की पुढच्या माणसाला होणाऱ्या संसर्गापैकी सुमारे ४४ टक्के संसर्ग आधीच्या माणसाला लक्षणं दिसण्यापूर्वीच होतो. इटलीतलं वो हे जेमतेम सव्वातीन हजार वस्तीचं गाव. तिथे टाळेबंदीच्या सुरुवातीला आणि शेवटी बहुतेक गावकऱ्यांची चाचणी केली. बाधितांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना लक्षणं नव्हती.

यावर ठरलेलं उत्तर येतं की असा प्रसार अत्यंत विरळ असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं होतं. हो, ८ जून २०२० रोजी त्यांच्या साथरोगतज्ज्ञ मारिया व्हॅन केरखोव्ह तसं बोलल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना खुलासा करावा लागला. आपण मर्यादित माहितीबद्दल बोललो होतो आणि लक्षणं नसलेल्यांकडून किती प्रसार होतो याचं ठाम उत्तर अजून नाही, असा त्या खुलाशाचा आशय होता. इतकी वर्षं उलटून गेली तरी लोकांच्या तोंडी पहिल्या दिवसाचं वाक्य आहे आणि दुसऱ्या दिवसाचं कुणाला आठवत नाही.

आणखी एक युक्तिवाद आपल्याच शहरातून येतो. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के, तर इमारतींत १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं. बघा, निम्म्याहून अधिक वस्तीला होऊन गेला आणि कळलंही नाही, मग काय बिघडलं, असं विचारलं जातं. असं विचारणाऱ्याने आधी एवढं तरी बघावं की रक्ताचा नमुना द्यायला जे उरले, त्यांचाच हा हिशेब आहे. ज्या म्हाताऱ्या आईला दहा बाय दहाच्या खोलीत तिच्या ठणठणीत मुलाकडून संसर्ग झाला आणि जी त्यातून उठली नाही, ती त्या ५७ टक्क्यांत मोजलेलीच नाही. ‘कळलं नाही’ हा दिलासा मुलाला असेल. आईच्या बाबतीत ‘कळलं नाही’ हाच घात होता.

आता चाचणीच्या अचूकतेकडे वळतो, कारण या मुद्द्यावर शिकलेली माणसंही फसतात. जून २०२० मध्ये आयसीएमआरने मान्यता दिलेल्या पहिल्या अँटिजेन किटची संवेदनशीलता साधारण ५१ ते ८४ टक्के आढळली होती. म्हणजे शंभर बाधितांतले सोळापासून जवळपास पन्नासपर्यंत निसटू शकतात. ऐकायला भयंकर वाटतं. पण निसटतात कोण? बहुतांशी ज्यांच्या नाकाघशात विषाणू कमी आहे ते, म्हणजे नुकता संसर्ग झालेले किंवा त्यातून बाहेर पडत असलेले. ज्याच्या शरीरात विषाणू भरात आहे आणि जो त्या दिवशी सर्वाधिक पसरवू शकतो, त्याला ही चाचणी बऱ्यापैकी पकडते, आणि तेही पंधरा ते तीस मिनिटांत. आज निसटलेला तीन दिवसांनी पुन्हा तपासला, तर सापडण्याची शक्यता वाढते. नियमित चाचणीची सगळी ताकद या ‘पुन्हा’मध्ये आहे. कोलोरॅडो आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० च्या अखेरीस गणिती प्रारूपांतून हेच दाखवलं होतं. साथ रोखण्यासाठी चाचणी करताना ती किती वेळा होते आणि निकाल किती लवकर हातात पडतो, हे तिच्या सूक्ष्मतेपेक्षा महत्त्वाचं ठरतं. दुसऱ्या लाटेत आरटी-पीसीआरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस सर्रास लागत होते. तोपर्यंत तो माणूस ज्यांना भेटायचा त्यांना भेटून झालेला असे. मग ती अचूकता कुणाच्या कामाची?

चुकून बाधित ठरण्याची भीतीही सांगितली जाते. त्याच मूल्यमापनात अँटिजेन चाचणीची विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के होती. म्हणजे हजार निरोगी माणसं तपासली तर फार तर सात जण चुकीने पॉझिटिव्ह येतील. त्यांची लगेच आरटी-पीसीआर करायची आणि निकाल येईपर्यंत त्यांना भरपगारी घरी बसवायचं. सात माणसांची दोन दिवसांची रजा, इतकाच हा तोटा. यासाठी चाचणीच नको?

निगेटिव्ह आल्यावर माणूस बेफिकीर होतो, हा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो. ज्याची चाचणी झालीच नाही तो काय करतो? त्याच्याकडे कसलाच कागद नसतो, फक्त ‘मला काहीच होत नाही’ हा विश्वास असतो आणि त्या विश्वासाला मुदत नसते. निगेटिव्ह अहवाल निदान एका दिवसापुरता असतो.

पण हे लिहिताना मला महाराष्ट्राचा तो आदेश आठवतो आणि या बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांचा संताप रास्त आहे हे मान्य करावं लागतं. ४ एप्रिल २०२१ च्या ‘ब्रेक द चेन’ आदेशाने रिक्षा-टॅक्सीचालक, घरपोच माल पोहोचवणारी मुलं, वर्तमानपत्रं टाकणारे आणि अशा कितीतरी कष्टकऱ्यांना सांगितलं की एक तर लस घ्या, नाहीतर पंधरा दिवस चालणारा आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह अहवाल खिशात ठेवा. १० एप्रिलपासून तो नसेल तर एक हजार रुपये दंड. लस तेव्हा सर्वसाधारण माणसाला पंचेचाळिशीनंतरच मिळत होती. म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांच्या डिलिव्हरी बॉयला लसीचा पर्यायच नव्हता. त्याच्या वाट्याला सरकारी केंद्रावरची रांग आली किंवा खासगी लॅबमध्ये ५०० रुपये, दर पंधरवड्याला. त्यात रोजगार बुडाला तो वेगळाच. आणि पंधरा दिवसांची वैधता कशाच्या आधारावर? सोमवारी निगेटिव्ह आलेला माणूस गुरुवारी बाधित असू शकतो आणि पुढचे अकरा दिवस तोच कागद दाखवत फिरू शकतो. सोसायट्यांनीही हेच केलं. घरकामाला येणाऱ्या मावशींकडे गेटवर रिपोर्ट मागितला जाई आणि त्याच गेटमधून गोव्याहून परतलेलं कुटुंब सामानासकट थेट लिफ्टकडे जाई. रखवालदाराने त्यांना काय विचारावं? त्याची नोकरी त्यांच्याच हातात होती.

हे सगळं मी नियमित चाचणीच्या विरोधातला पुरावा म्हणून ऐकलं आहे. तो तसा पुरावा नाहीच. महिन्यातून दोनदा, गरिबाच्या खर्चाने आणि दंडाच्या धाकाने गोळा केलेल्या कागदाला नियमित चाचणी म्हणत नाहीत, तो परवाना झाला. परवाना आला की त्याचा बाजारही आला. हरिद्वारच्या कुंभमेळ्यात सुमारे एक लाख बनावट चाचण्यांचा आरोप झाला, तोही कागद मोजण्याच्या या सवयीतूनच. ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांना जरूर धारेवर धरा. पण वाईट रीतीने केलेल्या कामावर बोट ठेवून ते काम करूच नये म्हणणं हा कुठला न्याय?

इथे एक गोष्ट विचारायची राहून जाते. लक्षणं नसलेल्याची चाचणी नेमकी कुणासाठी असते? ती त्याच्यासाठी नसतेच मुळी. आपल्या देशात रक्तपेढीत येणारा प्रत्येक रक्तदाता ठणठणीत असतो, नाहीतर त्याचं रक्त घेतच नाहीत. तरीही त्याच्या पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी चाचणी होते. प्रत्येक पिशवीची, प्रत्येक वेळी, मग तो दाता शंभराव्यांदा का आलेला असेना. यात पैशांची उधळपट्टी आहे असं कुणी म्हणत नाही, कारण ते रक्त कुणाच्या तरी शिरेत जाणार आहे हे सगळ्यांना दिसतं. श्वास कुणाच्या छातीत जाणार आहे हे दिसत नाही, एवढाच फरक.

ज्यांना तो श्वास बघायचा असेल त्यांनी एखाद्या डायलिसिस केंद्रात सकाळची पाळी बघावी. तंत्रज्ञ रुग्णाच्या हातावर वाकतो, फिस्टुलावर बोटं ठेवून रक्ताची थरथर लागते का ते बघतो, मग दोन जाड सुया टोचून नळ्या जोडतो आणि चिकटपट्टी लावतो. दोघांच्या चेहऱ्यांत हातभर अंतर असतं. एका रुग्णाचं मशीन सुरू झालं की तो पुढच्या खाटेकडे वळतो. रुग्ण चार तास त्याच बंद, एसीच्या खोलीत ब्लँकेट पांघरून पडून असतो. आठवड्यातून दोनदा, बऱ्याच जणांना तीनदा. त्याला घरी थांबता येत नाही, थांबला तर तो मरेल. त्याची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली आहे. साथ भरात असताना या तंत्रज्ञाने रोज सकाळी ‘मला काही होत नाही’ एवढं सांगणं पुरेसं आहे का? केमोथेरपीच्या वॉर्डातली नर्स, वृद्धाश्रमात अंघोळ घालणारी आया, ब्युरोतर्फे घरी येऊन अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना भरवणारी ताई यांच्याबाबतीत ते पुरेसं आहे का?

इंग्लंडने हा प्रयोग माणसांवर करून पाहिला आहे. मार्च २०२० मध्ये रुग्णालयांत जागा व्हावी म्हणून वृद्ध रुग्णांना तिथून काढून केअर होममध्ये पाठवायला सुरुवात झाली. १७ मार्च ते १५ एप्रिल या महिनाभरात सुमारे २५ हजार रुग्ण असे पाठवले गेले. लक्षणं नाहीत, मग चाचणी कशाला, हेच तेव्हाचं धोरण होतं. पहिल्या लाटेत केअर होममधले हजारो वृद्ध मेले. वडील गमावलेल्या दोन मुलींनी सरकारला कोर्टात खेचलं आणि एप्रिल २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवलं. लक्षणं नसलेल्या माणसाकडून होणाऱ्या संसर्गाचा धोका मंत्र्यांनी विचारात घेतला नाही, हे त्यामागचं कारण होतं. आपल्याकडे जे मत पंगतीत सहज मांडलं जातं, तेच तिथे न्यायालयात उघडं पडलं. नंतर, जुलै २०२० पासून, तिथे केअर होमच्या कर्मचाऱ्यांची दर आठवड्याला चाचणी होऊ लागली. ती आधी का झाली नाही, याचं उत्तर त्या हजारो कुटुंबांना कोण देणार?

‘इंग्लंडला परवडतं, आपल्याला नाही’ हे मी ऐकलेलं आहे. इंग्लंडने चाचणी आणि शोधाच्या यंत्रणेसाठी दोन वर्षांत ३७ अब्ज पौंडांची तरतूद केली आणि त्याबद्दल तिथल्या संसदेच्या समितीने सरकारला फैलावर घेतलं, हेही खरं. सगळ्या देशाने आठवड्यातून दोनदा नाकात काडी घालावी असं मी म्हणतही नाही. पण स्वस्तात कसं करायचं हे आपल्याला माहीत होतं. १९४३ मध्ये रॉबर्ट डॉर्फमन यांनी अमेरिकी सैन्यभरतीतल्या गुप्तरोगाच्या तपासणीसाठी अनेकांचे नमुने एकत्र तपासण्याची युक्ती मांडली. आयसीएमआरने १३ एप्रिल २०२० रोजी, साथीच्या पहिल्याच टप्प्यात, ती करोनासाठी वापरायला सांगितली होती. जिथे बाधितांचं प्रमाण दोन टक्क्यांहून कमी आहे तिथे पाच जणांचे नमुने एकत्र करा, निगेटिव्ह आले तर पाचही मोकळे, पॉझिटिव्ह आले तर प्रत्येकाचा वेगळा तपासा. शंभरांत एक बाधित असेल तर शंभर माणसांसाठी सरासरी पंचवीसच चाचण्या लागतात. खर्च एकचतुर्थांश! मग रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत दर आठवड्याला हे का झालं नाही? आणि चाचणीची किंमतही काही देवाने ठरवलेली नव्हती. मार्च २०२० मध्ये जिची कमाल मर्यादा ४,५०० रुपये होती, ती राज्य सरकारने आदेशामागून आदेश काढत मार्च २०२१ अखेरीस ५०० वर आणि त्याच वर्षी डिसेंबरात ३५० वर आणली. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याच्या मायलॅबचं घरच्या घरी करायचं किट २५० रुपयांत आलं. पण त्याला मान्यता देतानाच आयसीएमआरने बजावलं की ते लक्षणं असलेल्यांनी आणि बाधिताच्या थेट संपर्कातल्यांनीच वापरावं. साधन हातात आलं आणि ते जिथे नियमित वापरायचं तिथलं दार बंद ठेवलं.

राहिलं ते हुकमाचं पान. जानेवारी २०२२ चा आयसीएमआरचा सल्ला आला तेव्हा ओमायक्रॉनची लाट होती आणि देशातल्या बहुतेक प्रौढांनी निदान एक डोस घेतलेला होता. त्या सल्ल्यातली एक सूचना मला पूर्ण मान्य आहे : चाचणी झाली नाही म्हणून शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण अडवू नका. २०२० मध्ये अहवालासाठी ताटकळलेल्या बाळंतिणींचे हाल ज्यांनी पाहिले, ते या सूचनेला विरोध करणार नाहीत. मात्र त्या सल्ल्यानंतर राज्यांतल्या चाचण्या इतक्या घटल्या की आठच दिवसांत, १८ जानेवारीला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला चाचण्या वाढवा असं पत्र राज्यांना लिहावं लागलं. शिवाय तो सल्ला त्या घडीचा, त्या विषाणूरूपापुरता आणि लसीनंतरचा होता. तो लस नसलेल्या पहिल्या वर्षाला मागाहून लावणं, किंवा अजून न आलेल्या साथीला आगाऊ लावणं, याला आधार काय?

चाचणी एकटीने काही करत नाही, हे मला कळतं. बाधित निघालेल्या आयाला ‘आठवडाभर येऊ नकोस, पण पैसे मिळणार नाहीत’ असं सांगितलं, तर पुढच्या वेळी ती चाचणी टाळेल आणि तिला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नसेल. म्हणून माझी मागणी एका दमात सांगण्यासारखी आहे आणि तिच्यातला एकही भाग वगळता येणार नाही. श्वासातून पसरणारी, लक्षणांआधीच पसरणारी साथ आली की पहिल्या आठवड्यापासून रुग्णालयं, डायलिसिस केंद्रं, वृद्धाश्रम आणि घरी शुश्रूषा पुरवणारे ब्युरो यांतल्या प्रत्येकाची आठवड्यातून किमान दोनदा चाचणी व्हावी. त्यात डॉक्टरांपासून सफाई कामगारापर्यंत सगळे यावेत. निकाल त्याच दिवशी, पाळी सुरू होण्याआधी मिळावा. खर्च संस्थेने किंवा सरकारने करावा, कर्मचाऱ्याकडून एक रुपयाही घेऊ नये. आणि बाधित निघालेल्याला बरा होईपर्यंतचा पूर्ण पगार मिळावा, तो कायम असो, कंत्राटी असो की रोजंदारीवरचा.